चराची दुसरी भिंत

९ फेब्रुवारी
किनाऱ्यावरचा तळ

प्रिय टिल्लू,

सहा फुटी माणसाला, आणि तोही अणुवीज केंद्राचा मुख्य रचनाकार असताना, या नावाने हाक मारू नये असे तू मला बजावले आहेस. ते लक्षात आहे. पण सुनावणीच्या दिवसापासून तू माझा फोनच उचलत नाहीस, तेव्हा कोणत्या नावाला तू ओ देशील हे प्रयोगानेच ठरवावे लागणार. हा पहिला प्रयोग.

या पत्राची एक प्रत जागा ठरवणाऱ्या समितीच्या चिटणिसांकडे जाईल. नियम तुला माहीत आहे, तरी पुन्हा मांडते, कारण मला तो मनापासून पटतो. केंद्र उभारायचे तू, आणि त्याची जागा सुरक्षित आहे की नाही हे तपासायचे मी. आणि आपण सख्खी भावंडे. हे आपण दोघांनी पहिल्याच दिवशी लिहून दिले. समितीने दोघांनाही कामावर ठेवले, पण अट घातली : जागेविषयी एकमेकांशी तोंडी एक अक्षरही बोलायचे नाही. जे सांगायचे ते पत्राने, आणि प्रत फाइलीत. चिटणीस प्रत्येक प्रत वाचतात आणि शेरे मारून परत पाठवतात. मागच्या पत्राच्या शेवटी मी 'आईला तुझी आठवण येते' असे लिहिले होते. त्यासमोर लाल पेन्सिलीने 'विषयाशी संबंध नाही' असे आले. चिटणीस साहेब, नमस्कार. या पत्रात पेन्सिलीला बरेच काम आहे.

आता मूळ मुद्दा. भर सुनावणीत तू म्हणालास, "ताईंना, माफ करा, सदस्या महोदयांना, खोट सापडेपर्यंत खणायचंय. आमच्या घरात हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे." लोक हसले. मग मीही म्हणाले, की आमच्या घरात कुणी घाईने पत्त्यांचा बंगला बांधला तर फुंकर मारायचं काम माझ्याकडेच असे. लोक जास्त हसले. तुझे कान लाल झालेले मला लांबूनही दिसले. ते वाक्य परत घेता आले असते तर मी घेतले असते. चौथ्या चराची मागणी मात्र परत घेणार नाही, आणि ती का, हे तुला क्रमाने सांगते.

तीन जागांपैकी नदीकाठच्या जागेला पुराचा धोका आहे, आणि पठारावर भट्टी थंड ठेवण्याइतके पाणी आणायचे कुठून हा प्रश्न आहे. किनाऱ्याची ही जागा दोन्हींहून सरस आहे. खडक घट्ट, पाणी मुबलक, लाटांच्या पोहोचेपलीकडची उंची. तुला ती का आवडली हे मला समजते, मलाही आवडली. फक्त तिच्या खडकात एक भेग आहे.

जमिनीचे थर म्हणजे एकावर एक अंथरलेल्या चादरी समज. खाली खडक, त्यावर गोटे, मग चिकणमाती, आणि सर्वांत वर वाळू. खडकातली भेग हलली की त्या वेळी वर असलेल्या सगळ्या चादरी फाटतात. नंतर अंथरलेली चादर मात्र अखंड राहते. म्हणजे कोणती चादर फाटली आणि कोणती नाही एवढे पाहिले, की भेग शेवटची कधी हलली ते कळते. वाळू अखंड असेल तर भेग केव्हाच मेलेली. तिच्यावर खुशाल बांध. वाळू फाटली असेल तर भेग जिवंत. हादरा सोसणारी इमारत तू बांधू शकतोस, त्यात तुझा हात धरणारे फार थोडे आहेत. पण पायाखालची जमीनच दोन दिशांना सरकली तर कोणता आराखडा तिला धरून ठेवील?

तिसऱ्या चरात भेग वाळूच्या तळाशी पोहोचते, आणि नेमकी तिथेच झुडपांच्या मुळांनी आणि बिळे करणाऱ्या जनावरांनी माती अशी उकरली आहे की काहीच सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हे उत्तर मी अणुभट्टीच्या पायाखाली घालू शकत नाही. म्हणून चौथा चर.

आईच्या डोळ्याचे ऑपरेशन पुढे गेले आहे. दवाखान्यात गर्दी असते. काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


२ मार्च
तळ, चर चारच्या काठावरून

प्रिय टिल्लू,

चर खणून झाला! तू इथे असतास तर मी तुला हात धरून खाली उतरवले असते. पुरुषभर खोल, आत दोन माणसे शेजारून जाऊ शकतील इतका रुंद, आणि दोन्ही भिंती पात्याने तासून इतक्या गुळगुळीत केल्या आहेत की थर रंगवल्यासारखे दिसतात. दक्षिणेच्या भिंतीवर आम्ही सुतळीची चौकट ताणली आहे. प्रत्येक चौकोनात जे दिसेल ते कागदावरच्या त्याच चौकोनात उतरवायचे. उत्तरेची भिंत गेल्या आठवड्याच्या पावसात थोडी ढासळली, म्हणून तिला तूर्त टेकू लावून ठेवले आहेत.

वाळूचे वय कसे काढतात, हे तुला कधी सांगितले नाही. वाळूचा कण उन्हात असतो तेव्हा त्याची पाटी कोरी असते. तो गाडला गेला की अंधारात आजूबाजूच्या खडकांतली सूक्ष्म किरणे तो साठवू लागतो. किती साठवली ते प्रयोगशाळेत मोजले, की त्याने शेवटचा उजेड कधी पाहिला ते कळते. म्हणून नमुना घेताना त्याला उजेड लागता कामा नये. आम्ही झाकणाची नळी भिंतीत ठोकतो आणि काळ्या कापडात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी, गाडीपर्यंत नेतो. आमच्या वाळूने शेवटचा उजेड पाहिला तो, पृथ्वीच्या हिशेबाने, काल संध्याकाळी. तेव्हा ती फाटली असेल तर क्षमा नाही.

भिंतीचे चित्र दोघांनी वेगवेगळे काढायचे, ही आमची पद्धत. सकाळी मी, दुपारी मुंगी. मुंगी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, आता सहकारी. तूही तिला भेटला आहेस, न बोलता दिवसभर काम करते ती. दोघींची चित्रे सही होऊन बंद होईपर्यंत एकीने दुसरीला भिंतीविषयी काही विचारायचे नाही. आम्ही जेवताना हवामानावर इतके बोललो की आचारी कंटाळला.

मध्येच एक गंमत झाली. माझा फोन मुंगीने उचलला. पलीकडून आई. मुंगी म्हणाली, "हं, क्रमाने सांगा, मग बघू या." झाले! आईने मलाच समजून तिला डोळ्याची, गुडघ्याची आणि शेजारणीच्या मांजरीची सगळी कहाणी ऐकवली. शेवटी मुंगीने चाचरत सांगितले, "आई, मी ताई नाही." आई म्हणाली, "नसशील. पण बोलतेस तिचंच. आता तिच्यासारखी भांडू नको म्हणजे झालं." (चिटणीस साहेब, हा परिच्छेद तुमचा.)

इथवर मी रमतगमत आले, कारण पुढचे लिहायला हात वळत नाही.

चित्रे उघडली. दोन्हींत भेग चिकणमातीतून वर येते, वाळूत शिरते, आणि वाळूच्या अर्ध्यापर्यंत चढते. दोघींची रेघ सारखी. वाळू फाटलेली आहे. माझे टिपण आजच समितीकडे आणि तुझ्या कार्यालयाकडे जात आहे. त्यात 'ही जागा वगळावी' असे आहे.

तुझ्या टेबलावरची पुठ्ठ्याची प्रतिकृती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. किनाऱ्याच्या उतारावर तू समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या त्या दोन भट्ट्या. तू त्यांना किती वर्षे दिलीस हे मी नियमात राहून लिहू शकत नाही.

तुझी,
ताई


१९ मार्च
तळ

प्रिय टिल्लू,

तुझे पत्र आले. 'आदरणीय सदस्या' अशी सुरुवात, खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि शिक्का, आणि मध्ये एकच वाक्य : 'दोन स्वतंत्र निरीक्षकांच्या रेघा इतक्या तंतोतंत कशा जुळल्या, याचा खुलासा व्हावा.'

मी आधी चिडले. पत्र मुंगीपुढे टाकले आणि म्हटले, "बघ, भाऊ म्हणतो आपण नक्कल केली."

मुंगी पत्र वाचून म्हणाली, "तसं नाही म्हणत ते. कशा जुळल्या, एवढंच विचारतायत."

"मग काय सांगू? खरी गोष्ट दोघींना सारखीच दिसते, असं सांगू?"

मुंगीने दोन्ही चित्रे टेबलावर शेजारी मांडली, आणि मी पाहतच राहिले. नीट ऐक, कारण असली चूक आमच्याच धंद्यात होऊ शकते. दोघींच्या चित्रांत रेघ एका गोट्याला उजवीकडून वळसा घालते. मी भिंतीपाशी जाऊन पाहिले. त्या गोट्याच्या दोन्ही बाजूंना माती सारखीच काळपट आहे. डावीकडून गेले तरी चालले असते. मग दोघी उजवीकडूनच का गेलो? कारण भिंत वाचताना खालच्या डाव्या कोपऱ्यापासून निघायचे आणि शंका आली की उजवी बाजू धरायची, ही माझी सवय. ती मी मुंगीला शिकवली, तिच्या पहिल्या चरात, तिचा हात हातात धरून. ती माझ्याकडे शिकायला आली तेव्हा तिला भिंतीत नुसती माती दिसत असे. आज तिला जे दिसते ते माझ्या डोळ्यांनी.

म्हणजे चित्रे दोन, पण डोळा एकच. आमच्या एकमताला साक्ष म्हणून काडीची किंमत नाही. आईला ते फोनवरून कळले. मला दोन कागद समोर असून कळले नाही. आणि चिटणिसांनी तर त्या फोनच्या परिच्छेदापुढे 'विषयाशी संबंध नाही' असा शेरा मारून प्रत परत पाठवली आहे. चिटणीस साहेब, मी त्या शेऱ्याविरुद्ध रीतसर अपील करते आहे.

मी टिपण मागे घेतले आहे आणि समितीकडे एक विनंती केली आहे, ती तुझ्याकडे येईलच. तिसरे चित्र परक्या माणसाने काढावे. आणि तो परका तुमच्या बाजूचा असावा. तुमच्याकडे पायाभरणीचा तो भूगर्भतज्ज्ञ आहे ना, ज्याला तुम्ही सगळे 'खडूस' म्हणता? त्याला पाठव. ज्याला ही जागा हवी आहे, ज्याला मी आवडत नाही, आणि ज्याला मी काहीही शिकवलेले नाही, असा माणूस मला हवा आहे. तोवर भिंतींवर ओली पोती टाकून ठेवते, म्हणजे वाऱ्याने तडकणार नाहीत.

आणखी एक दुरुस्ती. दवाखान्यात गर्दी नाही. डॉक्टर केव्हाच तयार आहेत. आई नाही म्हणते. तिचे शब्द जसेच्या तसे देते : "दिसायला लागल्यावर बघू काय? तुम्हा दोघांची तोंडं एका खोलीत दिसणार नसतील तर आहे ते धूसरच बरं." तुझ्यावर दडपण येऊ नये म्हणून मी हे दडवले होते. पण ज्या आठवड्यात मी एक रेघ मागे घेतली त्याच आठवड्यात दुसरी खोटी रेघ तशीच ठेवणे बरे दिसत नाही.

प्रश्न चांगला विचारलास. शिक्क्याची गरज नव्हती.

ताई


८ एप्रिल
तळ

प्रिय टिल्लू,

तुझा खडूस नावाला जागला. आल्या आल्या म्हणाला, "तुमचा चहा नको. चहा प्यायला की माणूस मऊ पडतो." स्वतःचा थर्मास घेऊन आला होता. आमची चित्रे पाहायला त्याने नकार दिला आणि सुतळीची चौकटही उतरवून आपली नवी ताणली. मला तो क्षणात आवडला.

चित्र काढून, त्यावर सही करून झाल्यावर त्याने आमची दोन्ही मागितली.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"आणि हे?"

"हिने."

"म्हणजे तुम्हीच," तो म्हणाला. मुंगीला हसू आवरेना.

मग तो म्हणाला, "वाळूतली तुमची रेघ मला भेग वाटत नाही. भिंत हातभर आत कापू या." यामागची युक्ती इतकी साधी आणि सुंदर आहे की ती तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. भेग म्हणजे पडदा, आणि झुडपाचे मूळ म्हणजे दोरा. भिंतीवर दोन्हींची रेघच दिसते. पण भिंत आत कापत गेलो तर दोरा वळून कुठेतरी निघून जातो. पडदा मात्र कितीही कापा, समोर उभाच. आम्ही हातभर कापले. माझी रेघ नाहीशी झाली. ते मूळ होते! कधीच कुजून गेलेले, आणि त्याच्या पोकळीत वरून काळपट माती भरलेली. मी मुळाला भेग म्हणून, सही करून, समितीपुढे ठेवले होते.

खडूस त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "म्हणजे जागा पास," म्हणाला. मीही हसले, टिल्लू. खोटे वाटेल, पण तुझ्या दोन भट्ट्या मला समुद्राकडे तोंड करून उभ्या दिसल्या.

मग तो म्हणाला, "एवढं आलोच आहे तर दुसरी भिंतही बघतो." टेकू काढून, ढासळलेली माती साफ करायला दोन दिवस लागले. उत्तरेची भिंत आमच्यापैकी कुणीच वाचलेली नव्हती. तो चित्र काढायला बसला, दुपार उलटली. एकच चौकोन त्याने खोडून पुन्हा काढला, पुन्हा खोडला. शेवटी त्याने मला हाक मारली नाही, मुंगीला मारली. "तू बघ. त्यांनी शिकवलेलं विसर आणि बघ."

वाळूचा तळ तिथे तुटला आहे. एका बाजूचा थर दुसऱ्या बाजूपेक्षा विटेच्या जाडीइतका खाली गेला आहे. आम्ही ती भिंत हातभर कापली, मग आणखी हातभर. पडदा उभाच. तिथून सरळ रेषेत सुतळी ताणून समोरच्या भिंतीवर आणली, तर ती जिथे टेकली तिथे माझ्या चित्रात मी 'ओल' असे लिहून पुढे गेले होते. मुंगीच्या चित्रातही 'ओल'च होते. तीही आम्ही कापली. ओलीमागे तीच भेग होती.

खडूस चरातून वर आला, थर्मास उघडला, तो रिकामा निघाला. "मला हे दिसायला नको होतं," म्हणाला. मी त्याला चहा दिला. त्याने घेतला.

तेव्हा हिशेब असा आहे. माझी रेघ चूक होती, आणि निष्कर्ष बरोबर होता. याचा मला मुळीच अभिमान नाही, उलट भीती वाटते. तू तो प्रश्न विचारला नसतास तर फाइलीत माझे मूळ राहिले असते. उद्या कुणी हुशार माणसाने भिंत कापून ते मूळ आहे हे दाखवले असते, माझे टिपण रद्द झाले असते, आणि या जिवंत भेगेवर तुझे केंद्र उभे राहिले असते. तुझ्या एका वाक्याने ते टळले. ते तुझ्याच विरुद्ध गेले, हे मला कळते.

शनिवारी चर बुजवणार आहेत. त्याआधी येऊन पाहशील? नियम अजून लागू आहे. बोलता येणार नाही. पण पाहायला बंदी नाही.

ताई


३० एप्रिल
घर

प्रिय टिल्लू,

किनाऱ्याची फाइल बंद झाली, त्यामुळे हे पत्र एकाच प्रतीत आहे. दुसरा कागद खाली नसल्यामुळे हात हलका वाटतो, आणि तू कालच गेलास तरी लिहावेसे वाटते.

शनिवारी तू चराच्या काठावर आलास, तेव्हा माझ्याशी बोलला नाहीस, ते बरोबरच होते. खडूसला म्हणालास, "सदस्यांना विचारा, खाली उतरू का?" खडूस माझ्याकडे वळून म्हणाला, "विचारतायत, उतरू का?" मी म्हटले, "सांगा, डोकं सांभाळून, नवा आडवा टेकू खाली आहे." आणि तू ते माझ्याकडूनच ऐकून डोके वाकवलेस. मग तू उत्तरेच्या भिंतीपाशी कितीतरी वेळ उभा होतास. वाळूच्या तळावर बोट ठेवलेस, थर तुटून झालेल्या पायरीपाशी आलास, बोट खाली उतरवलेस आणि पुढे नेलेस. मला तुझी पाठ दिसत होती. मला खूप काही बोलायचे होते, आणि त्यातले एकूण एक जागेविषयी होते.

तू वळून विचारलेस, "ताई, आईचा कोणता डोळा?"

ते जागेविषयी नव्हते. नियमात बसत होते. "डावा," मी म्हणाले. आणि मला वाटते, त्या चरात त्याहून उपयोगाचे मी काहीच बोललेले नाही.

तुला सांगायचे राहिले : अपिलासोबत जोडलेली माझ्या २ मार्चच्या पत्राची प्रत फाइलीबरोबर परत आली. आईच्या फोनच्या परिच्छेदापुढचा जुना शेरा खोडरबराने खोडला आहे, आणि त्याच लाल पेन्सिलीने लिहिले आहे : 'संबंध आहे. अपील मंजूर. ऑपरेशन कसे झाले ते कळवावे.' कळवले.

पट्टी सोडली तेव्हाचे तर तू होतासच. आईने आधी तुला पाहिले. "हा टक्कल पडलेला कोण?" म्हणाली, आणि लगेच तुझा गाल चिमटीत धरला. मग मला : "आणि तू काळी ठिक्कर पडलीस. टोपी घालत नाहीस." मग तुझी पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडीवर घेतली. तू ती घरी आणलीस त्या दिवसापासून तिने ती नुसती बोटांनी चाचपली होती. दोन्ही भट्ट्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या आणि म्हणाली, "छान आहे रे. मला वाटलं होतं त्यापेक्षा नाजूक आहे. मग आता हे कुठे बांधणार?"

तू पठाराचा नकाशा उलगडलास. पाणी दुरून आणावे लागेल, पाया मुळापासून बदलावा लागेल, हे तू सांगत होतास, आणि तुझा आवाज सुनावणीतला नव्हता, पत्त्यांचा बंगला बांधतानाचा होता. पठाराची फाइल अजून उघडलेली नाही, म्हणून मीही वाकून पाहू लागले. आई म्हणाली, "पण तिथली जमीन चांगली आहे का?"

आपण दोघे एकदमच म्हणालो, "क्रमाने घेऊ, मग बघू या."

आईने एकदा तुझ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, त्या नव्या कोऱ्या डोळ्याने. "झालं," म्हणाली, "दोघांचं एकमत झालं. आता त्या खडूसला बोलवा."

तुझी,
ताई